पंधरा मिनिटांची फट

१

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, फेल्बर्टच्या कुलूपकार मंडळाच्या जिन्यावर, एन्ने डालहाउसच्या हातून गरम चेरींचं पातेलं सुटलं. पातेलं सोळा पायऱ्या गडगडत गेलं आणि सोळाव्या पायरीवर उभं राहिलं. चेरी मात्र जिन्याला माखल्या. पण त्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण एन्ने किंचाळली होती:

"कुलूप गेलं!"

आमचं गाव कुलपांवर जगतं. इथली पोरं रांगायच्या आधी किल्ली फिरवतात, असं मी पाहुण्यांना सांगतो आणि आजवर एकाही पाहुण्याने ते तपासून पाहिलेलं नाही. तेव्हा फेल्बर्टमध्ये 'कुलूप गेलं' म्हणजे देवळात 'देव गेला' म्हटल्यासारखं.

गेलेलं कुलूप थोरलं कुलूप म्हणून ओळखलं जायचं. तीनशे वर्षांपूर्वीचं, तळहातात मावेल एवढं, पण घडणाऱ्यानं त्यात सात खोट्या वाटा ठेवलेल्या. ते उघडायला बसलेला एक चोर म्हातारा होऊन उठला, अशी आख्यायिका आहे. ती मीच पसरवली आहे, पण कुलूप खरंच तसं होतं. वरच्या मजल्यावरच्या दालनात ते मखमलीच्या उशीवर बसवलेलं असायचं. आता उशी होती, त्यावर कुलपाचा खळगा होता आणि दालनाचं दार चार बोटं उघडं होतं.

दिवाणखान्यातून सगळे धावत आले. वार्षिक कॉफीपान चाललं होतं. अकरा पंच, तेही सगळे कुलूपकार, तोंडात वॅफल तसंच ठेवून आले. सर्वांत पुढे अध्यक्ष गिसबर्ट श्लीपर; मान देणारे त्याला 'हेर श्लीपर', म्हणजे श्रीयुत श्लीपर, म्हणतात. हा माणूस दोन मीटर उंच, ताठ, आणि आवाज असा की नदीपलीकडची गाय मागे वळून बघते.

"दार उघडं!" त्याने बोट दाखवलं. "मी काय सांगत होतो? नऊ दिवसांपूर्वी या दारात आपोआप मिटवणारा क्लोजर बसवला आणि आज दार मिटत नाही. रस्त्यावरचा कुणी जिना चढून आला, दार ढकललं आणि कुलूप खिशात घालून गेला. हे दार नाही, पडदा आहे पडदा! कुठे आहे ती होल्टहाउसबाई?"

स्वेन्या होल्टहाउस गर्दीच्या मागे उभी होती. चौतीस वर्षांची, दारं बसवणारी. तिच्या उस्तादकीच्या प्रमाणपत्राची शाई जेमतेम वाळलेली. त्या दालनाचं ओक लाकडाचं दार चार माणसांनी उचलावं एवढं जड आणि तितकंच जुनं. त्याच्या तोंडावर क्लोजरची लोखंडी पेटी ठोकायला वारसा खात्याने मनाई केली होती. तेव्हा स्वेन्याने दाराच्या वरच्या कडेत खोबणी कोरून क्लोजर आतच दडवला. दार मिटलं की आत काही यंत्र आहे याचा पत्ता नाही.

"हेर श्लीपर, हे दार मी शंभर वेळा मिटवून बघितलंय," ती म्हणाली.

"मग चोर एकशेएकाव्या वेळी आला!"

दोघेतिघे हसले. स्वेन्या पांढरीफटक पडली आणि मला त्याचं कारण ठाऊक होतं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमाची बेचाळीस दारं मंडळाने तिला दिली होती, सहा विरुद्ध पाच मतांनी. हरलेली बोली श्लीपरच्या पुतण्याची होती. आता श्लीपर म्हणाला, "सोमवारी सकाळी दहाला पंच बसतील. काम काढून घेऊ आणि हिच्या उस्तादकीबद्दल तक्रारही वर पाठवू."

पोलिस आले, सगळ्यांच्या पिशव्या चाचपल्या, वॅफल खाऊन गेले. स्वेन्याने मला कोपऱ्यात ओढलं.

"काका, टांटे इर्माला आणा. आत्ता. तिने कोट घातला नसेल तर तशीच आणा."

२

इर्मट्राउट काल्थॉफ त्र्याहत्तर वर्षांची. सगळं गाव तिला टांटे म्हणतं, सगळ्या गावाची मावशी. पन्नास वर्षं तिने दारं बसवली. मी त्यातली तीस वर्षं तिची हत्यारांची पेटी उचलली. ती डोळे मिटून दाराचा आवाज ऐकते आणि सांगते की घरात सासवा किती आहेत. दोनदा चुकली होती; दोन्ही वेळा सासू बाहेरगावी होती.

तिने दालनाचं दार पूर्ण उघडलं आणि सोडून दिलं. दार झोकात निघालं, राजासारखं. वीतभर फट उरली आणि दार थबकलं.

"बघा! थांबलं!" श्लीपर म्हणाला.

"थांबलं नाही रे गिसबर्ट. चष्मा लाव. गोगलगायीसारखं चाललंय." टांटे मला म्हणाली, "शिडी."

दडवलेल्या क्लोजरचे स्क्रू दाराच्या वरच्या कडेला असतात. दार उघडल्याशिवाय दिसत नाहीत. दोन स्क्रू. पहिला दाराची मोठी चाल ठरवतो, दुसरा शेवटची वीतभर, जिथे दाराने थोडा जोर करून लॅचची जीभ चौकटीत बसवायची असते. स्क्रू आवळला की आतल्या तेलाची वाट अरुंद होते आणि दार मंदावतं.

टांटे शिडीवर चढली, भिंगातून पाहिलं. "पोरी, तुझी वही वाच."

स्वेन्याने वही उघडली. "पूर्ण आवळून मग मागे सोडलेले. पहिला स्क्रू, एक फेरी. दुसरा, सव्वा फेरी आणि थोडा जास्त. खाच दोनच्या काट्यासारखी तिरकी."

"आता खाच बाराच्या काट्यासारखी उभी आहे," टांटे वरून म्हणाली. "सरळसोट. कुणीतरी फिरवलाय."

"किंवा हिनेच चुकीचा लावला," श्लीपर म्हणाला, "आणि ही वही आता जिन्यात बसून लिहिली!"

स्वेन्याने वही मिटली. शाई किती जुनी आहे हे कोण सांगणार?

टांटे शिडीवरून उतरली. एकेका पायरीवर थांबत. "एकार्ट," तिने मंडळाच्या रखवालदाराला हाक मारली, "उद्या दिवाणखाना बंद ठेव. किल्ली तुझ्याजवळ. आणि या दाराला माझ्याशिवाय कुणी हात लावला तर त्याचं बोट मी लॅचमध्ये देईन."

३

त्याच संध्याकाळी पहिली भेट वारसा खात्याच्या डॉ. ओफरबेक यांची. जुनं लाकूड दिसलं की डोळे पाणावतात, अशी बाई.

"मी त्या दाराच्या डोक्यात भोक पाडायला कधीच राजी नव्हते," त्या म्हणाल्या. "साडेतीनला आत गेले, भोक पाहिलं, रडले, बाहेर आले. मला क्लोजर काढायचाच आहे. तुम्हाला वाटत असेल की मीच..."

"मला अजून काहीच वाटत नाही, फ्राउ डॉक्टर. किंचाळी ऐकून तुम्ही काय केलंत?"

"फोटो काढला."

"चोरीचा?"

"चेरीचा! दाराला डाग लागला असता तर? एन्ने फटीतून डोकावून किंचाळली, तिने दाराला हात लावला नव्हता. कुणी पुढे यायच्या आत मी फोटो घेतला. पट्टी धरून. मी पट्टीशिवाय फोटो काढत नाही."

फोटोवर वेळ होती, चार वाजून दहा. पट्टी फटीला टेकलेली होती. सहा सेंटिमीटर चार मिलिमीटर. टांटेने त्या फोटोचं जवळजवळ चुंबन घेतलं.

मग एन्ने. धुराने रंगीत छत काळवंडेल म्हणून डॉक्टरबाईंनी तिची वॅफलची यंत्रं दिवाणखान्याबाहेर, दालनाच्या दारासमोर मांडायला लावली होती.

"ते दार मिटताना टक् करतं," एन्ने म्हणाली, "आणि मी दचकते. पीठ सांडतं. आज दोनदा सांडलं. साडेतीनला डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा आणि चारला वीस कमी असताना एकार्ट बाहेर आला तेव्हा."

"वेळ इतकी पक्की?"

"टांटे, वॅफल चार मिनिटांत होतं. मी घड्याळ बघत नाही, घड्याळ माझ्याकडे बघतं."

"नंतर कुणी?"

"चारला पाच कमी असताना गिसबर्ट. आत गेला, बाहेर आला. तेव्हा पीठ सांडलं नाही. चारला मी चेरी आणायला खाली गेले."

एकार्ट नीडरड्रेंक, रखवालदार, हा गावातला शेवटचा कुबडाचा कुलूपकार. जुने लोक शिकंज्यावर वाकून जन्मभर कानस मारायचे, पाठीला कुबड यायचं. मंडळाच्या दिवाणखान्यातल्या एका बाकामागच्या भिंतीत त्यासाठी खळगा कोरलेला आहे, टेकून बसताना कुबड मावावं म्हणून.

"कुलूप मी पुसलं, जागेवर ठेवलं, बाहेर आलो," तो म्हणाला. "आणि चारच्या सुमाराला बसायला जातो तर माझ्या खळग्याच्या बाकावर गिसबर्ट! त्याची पाठ फूटपट्टीसारखी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला खळगा लागला. मी बिचारा दुपारभर तिरका बसलो."

श्लीपरने दोन्ही हात पसरले. "भाषणाचा कागद दालनात विसरलो होतो. तो आणला. कुलूप जागेवर होतं, हात लावून बघितलं. टक् झालं की नाही? इर्मा, मी कुलपांचा माणूस. दारं काय करतात याकडे मी लक्ष देत नाही."

"ते मात्र दिसतंच आहे," टांटे म्हणाली.

४

रविवारी सकाळी तिने मला विचारलं, "भूक आहे?"

हा प्रश्न साधा नाही हे मला कळायला हवं होतं.

दालनासमोर हवा थंड होती, सतरा अंश. जुन्या लाकडाची काळजी म्हणून डॉक्टरबाईंनी तिथे तापमान टिपणारं यंत्र लावलेलं. त्यात शनिवारी चारच्या सुमाराला सव्वीस अंश.

"तेल थंडीत घट्ट होतं, दार आणखी मंदावतं," टांटे म्हणाली. "मला काल दुपारची हवा पाहिजे. एन्ने, तिन्ही यंत्रं पेटव."

"रिकामी तापवू? जळतील!"

"मग पीठ ओत."

एन्नेने पीठ ओतलं. सव्वीस अंश यायला अठ्ठावीस वॅफल लागली आणि ती हवा टिकवायला आणखी बत्तीस. स्वेन्या वॅफलला हात लावत नव्हती. डॉक्टरबाई काळजीने दाराच्या लाकडाकडे बघत होत्या. उरलेला हिशेब माझ्या पोटाने सांभाळला.

हवा जमल्यावर टांटेने दार सताड उघडलं, सोडलं. दार झोकात येऊन वितेवर मंदावलं. डॉक्टरबाईंनी पट्टी धरली, मी घड्याळ. पाच मिनिटं. दहा. फट केसाकेसाने कमी होत होती. चौदा मिनिटं चाळीस सेकंदांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सहा पूर्णांक चार."

पुन्हा केलं. पंधरा मिनिटं. तिसऱ्यांदा, चौदा पन्नास.

टांटे खुर्चीत मागे रेलली. "पोरी, आता खा."

"का? काय कळलं?"

"खा म्हटलं ना."

मधल्या वेळात श्लीपर दोनदा जिना चढून आला. दिवाणखान्यात चष्मा राहिला म्हणाला. दोन्ही वेळा एकार्टने त्याला परत पाठवलं आणि दुसऱ्या वेळी आम्हाला येऊन सांगितलं, "चष्मा नाकावर होता."

५

सोमवारी दहाला पंच बसले. दिवाणखाना एकार्टने तेव्हाच उघडला. श्लीपर सरळ खळग्याच्या बाकावर जाऊन बसला. एकार्टने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा तिरका बसला.

टांटेने टेबलावर शिकंजा ठेवला. शिकंज्यात तसलाच एक क्लोजर घट्ट पकडलेला. "आधी खेळ. प्रत्येकाने हा स्क्रू थोडा आवळायचा. बस्स, दार जरा मंद करायचंय."

"इर्मा, इथे तक्रारीचा निकाल आहे, जत्रा नाही!"

"घाबरलास का, गिसबर्ट?"

या प्रश्नावर फेल्बर्टमधला कुठलाही पुरुष उठतो. तो उठला, स्क्रू फिरवला, बसला. मग बाकीचे दहा पंच. मग एकार्ट. प्रत्येक वेळी टांटेने खाच सगळ्यांना दाखवली. बाराच्या काट्यासारखी. पुन्हा बारा. पुन्हा बारा. सहाव्या पंचापासून खोलीत हसू फुटायला लागलं, दहाव्याला लोक टेबलं बडवत होते.

"कुलूपकार!" टांटे म्हणाली. "किल्ली उभी झाल्याशिवाय कुलपातून निघत नाही. म्हणून तुम्ही काहीही फिरवलंत तरी खाच उभी झाल्याशिवाय हात सोडत नाही. माझा नवराही तसाच होता. घरातले सगळे नळ गळायचे. आता फ्राउ डॉक्टर."

डॉक्टरबाईंची खाच चारच्या काट्यावर. टांटेने ती पुन्हा बारावर आणली.

"स्वेन्या."

स्वेन्याने स्क्रू फिरवला. डोळे मिटून, बोटांनी ऐकत, आठवा भाग फेरी. खाच एकच्या किंचित पुढे, वाकडी.

"दारवाला फेरीचा आठवा भाग मोजतो, खाच कुठे थांबते याची त्याला पर्वा नसते. शनिवारी दारातली खाच उभी होती. ती या पोरीच्या हातची नव्हे. कुलूपकाराच्या हातची आहे."

प्रत्येक जण शेजाऱ्याच्या हातांकडे पाहू लागला.

"म्हणजे आम्हा बारांपैकी कुणीही!" श्लीपर म्हणाला. "आणि एकार्ट आत गेला होता!"

"एकार्ट बाहेर आला तेव्हा एन्नेचं पीठ सांडलं. दार नीट मिटलं होतं. स्क्रू त्यानंतर फिरला. आता ऐक. तू तेलाची वाट अगदी बंद केली असतीस ना, तर मी हरले असते. दार वीतभर फट ठेवून थांबलं असतं आणि किती वेळापासून थांबलंय ते देवालाही कळलं नसतं. पण पूर्ण आवळला तर खाच तिरकी राहिली असती. तुझ्या हाताला ते सोसवेना. तू खाच उभी केलीस आणि केसभर वाट उघडी सोडलीस. त्या वाटेने तेल ठिबकत राहिलं. तू दाराचं घड्याळ करून ठेवलंस रे!"

डॉक्टरबाईंनी फोटो पुढे ठेवला.

"चार वाजून दहा मिनिटांनी फट सहा पूर्णांक चार. सोडल्यापासून तिथवर यायला दाराला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे दार शेवटचं सोडलं गेलं चारला पाच कमी असताना. रस्त्यावरचा कुणी चारनंतर आला असता तर त्याने दार पुन्हा उघडलं असतं आणि फट कितीतरी मोठी सापडली असती. तुझ्यानंतर त्या दारातून कुणीही गेलेलं नाही."

"थंडीत तेल घट्ट होतं!" श्लीपर ओरडला. "काल हवा थंड होती. तुझी मोजणी खोटी!"

"साठ वॅफल," मी म्हणालो. त्या दिवशी मला एवढंच बोलता येत होतं.

एन्ने उभी राहिली. "सव्वीस अंश. मी भाजली, याने खाल्ली."

श्लीपर बाकावर तसाच ताठ बसून होता. टांटे त्याच्यासमोर जाऊन थांबली. आवाज खाली आला.

"कुलूप जागेवर होतं, असं तूच म्हणालास. तू बाहेर आलास, थेट या बाकावर बसलास. पोलिसांनी पिशव्या बघितल्या, कोट बघितले. भिंत कुणी बघितली? ऊठ, गिसबर्ट."

तो उठला नाही. मग एकार्ट उठला, तिरकाच चालत आला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं ती जागा माझी आहे. सरक."

श्लीपर सरकला. श्लीपरने पाठीमागे घेतलेली बाकावरची उशी एकार्टने काढली. भिंतीतल्या खळग्यात, अगदी कुबडासारखं टेकून, थोरलं कुलूप बसलं होतं.

आरडाओरड झाली ती मी वर्णन करत नाही, कारण केलं तर तुम्ही म्हणाल मी वाढवून सांगतो. गोंधळ ओसरल्यावर श्लीपर कुणाकडेही न बघता म्हणाला, "बुधवारी मीच शोधून काढणार होतो. कुलूप कुठे जाणार नव्हतं."

"कुलूप नाही," स्वेन्या म्हणाली. तीन दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच सरळ निघाला. "मी जाणार होते. का, हेर श्लीपर?"

"सहा विरुद्ध पाच," तो म्हणाला. "माझ्याच मंडळात. माझा पुतण्या प्रत्येक दाराला सर्वांत दणकट क्लोजर लावणार होता, सहा नंबरचा. आणि यांनी तुझं ते मोजमाप करून निवडणं उचलून धरलं."

"तुमच्या पुतण्याने तिथल्या माणसांचे हात बघितले होते?"

श्लीपरने खिशातून अध्यक्षपदाची किल्ली काढली. पंचांनी पुन्हा मत घेतलं. बेचाळीस दारं, बाजूने दहा, विरोधात कुणी नाही. अकरावा ती किल्ली टेबलावर ठेवून जिना उतरत होता.

६

तीन आठवड्यांनी आम्ही टेकडीवर वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर होतो. टांटे, मी आणि सात-आठ पंच. कौतुक बघायला आलो म्हणत होते. खरं तर चूक सापडते का बघायला.

पहिलं दार फ्राउ बोर्नेफेल्डचं. वय एक्याण्णव, चार चाकांचा आधार घेऊन चालणारी. तिच्या खोलीचं जुनं दार इतकं दांडगं होतं की गेली सहा वर्षं बाहेर पडायचं तर घंटा वाजवून कुणाला तरी बोलवावं लागायचं. स्वेन्याने दार मोजलं, जाडी मोजली, मग फ्राउ बोर्नेफेल्डचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. आगीच्या नियमात बसेल एवढा जोर ठेवला, त्याहून रेसभर जास्त नाही. असा क्लोजर निवडला की दार जितकं जास्त उघडेल तितकं हलकं होईल आणि उघडल्यावर चाकं बाहेर येईतो थांबेल. चार दिवस ती रोज एकदा येऊन स्क्रू आठवा-आठवा भाग फिरवून जात होती.

"चला, फ्राउ बोर्नेफेल्ड," ती म्हणाली. "एक बोट पुरेल."

म्हातारीने संशयाने बोट टेकवलं. दार उघडलं. ती बाहेर आली. दार तिच्यामागे उभं राहिलं, चाकं गेली, तिची शाल गेली, मगच मिटायला निघालं. ती वळली. पुन्हा उघडलं, आत गेली. पुन्हा बाहेर आली. असं अकरा वेळा; पंचांनी मोजलं. बाराव्या वेळी ती आत उभी राहिली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "आता जा सगळे. मला माझं दार लावून बसायचंय. सहा वर्षांत पहिल्यांदा."

दार मिटलं. बाहेर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागले. शनिवारी हसलेले सर्वांत जोरात. टांटे नाक शिंकरत होती, सर्दी झाली म्हणाली. स्वेन्या दाराला पाठ टेकून उभी होती आणि हसू आवरत नव्हतं म्हणून तोंडावर हात धरला होता.

दार पुन्हा उघडलं. फटीतून एक बोट आणि त्यामागे फ्राउ बोर्नेफेल्ड.

"अजून इथेच? शेजारच्या हिल्डाला कधीचं बाहेर यायचंय. बाकीची एक्केचाळीस कोण करणार, तुमचे आजोबा?"

स्वेन्याने पेटी उचलली आणि पळत गेली.